बुधवारचा तुंबा

पासो आल्तो, ९ एप्रिल

चि. रोसाउरास अनेक आशीर्वाद.

तुला तो आवाज आठवतो का? सकाळी मी वर्गात पाऊल टाकलं की तुम्ही सगळी मुलं एकदम उभी राहायचात, आणि खळ घालून कडक केलेल्या तुमच्या पांढऱ्या डगल्यांचा कर्र असा आवाज वर्गभर व्हायचा. वाळलेल्या मक्याच्या शेतातून वारा जावा तसा. "सुप्रभात, मास्तर" नंतर यायचं. माझा दिवस खरा त्या आवाजानं उजाडायचा. आता खळ करायला कुणाला वेळ नाही. डगले मऊ झाले, आणि मी म्हातारा झालो.

कविता म्हणायची पाळी आली की तू नकाशामागे लपायचीस. आता म्हणे विद्यापीठात मुलांना बोलतं करायचं काम करतेस. एलोइसाला सांगितलं तर म्हणाली, "बघा, तुमच्या कवितांना घाबरलेली पोरगी आता दुसऱ्यांची भीती घालवायला निघाली." माझी बहीण अजून तशीच आहे. जिभेला आणि सुरीला, दोन्हींना धार.

पत्राला कारण आहे. माझा नातू फाब्रिसियो तुझ्याच विद्यापीठात पशुवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची आई, म्हणजे माझी लेक, स्पेनला कामाला गेली तेव्हापासून तो आमच्याकडेच वाढला. इस्टरच्या सुट्टीत गावातली सगळी मुलं घरी आली, हा आला नाही. रविवारी फोनवर बोलतो ते एवढंच, "सगळं ठीक, आजोबा." लहानपणी याच्या तोंडाला टाळं लावायची वेळ यायची गं.

जेवतो मात्र नीट, ती काळजी नाही. एलोइसा दर शुक्रवारच्या बसनं खोकं पाठवते. मांसाच्या तळलेल्या मिलानेसा, मसुराचं कालवण, पेरूची वडी, सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून. मंगळवारच्या बसनं ते डबे धुऊनपुसून परत येतात. आम्ही सगळे म्हातारे-म्हाताऱ्या तेव्हा थांब्यावर जमतो. ज्याचे डबे रिकामे आले त्याचं पोर जेवतंय. यापलीकडे इथे कुणी काही विचारत नाही.

तेवढं त्याला तुझ्या मुलांत ओढ. उत्तर कागदावर दे. फोनमधली अक्षरं मला दिसत नाहीत, आणि दिसली तरी ती तुझी वाटत नाहीत.

तुझा मास्तर,
एवारिस्तो

*

मोंतेविदेओ, २६ एप्रिल

आदरणीय मास्तर,

तुमचं पत्र उघडलं आणि मी आधी उभी राहिले. शेजारच्या टेबलावरची विचारते, "काय झालं?" म्हटलं, "मास्तर आलेत."

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, रागावू नका. आमच्याकडे कोण येतं, कोण येत नाही, काय बोलतं, हे मी कुणालाही सांगू शकत नाही. तुम्हालाही नाही. ज्याचं बोलणं त्यानंच परवानगी दिली तरच. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात चिमण्यांशिवाय कुणी दिसणार नाही.

काम काय करतो ते मात्र सांगते. शनिवारी समुद्रकाठी चालायला जातो. परीक्षेच्या दिवसांत गवतावर उताणं पडून श्वास मोजतो (हसू नका). आणि बुधवारी दुपारी अंगणातल्या ओम्बूच्या झाडाखाली गोल करून बसतो. गरम पाण्याचा एक थर्मास, आणि नळीनं प्यायच्या कडू हिरव्या चहाचा एकच तुंबा, सगळ्यांत मिळून. तुंबा ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं: हा आठवडा कसा गेला. बाकीच्यांनी ऐकायचं, उपदेश करायचा नाही. नळीत शेवटचा घोट वाजला की तुंबा भरणाऱ्याकडे परत, मग पुढच्याकडे. पहिला कडू तुंबा भरणाऱ्यानं स्वतः पिऊन टाकायचा, घरी करतो तसाच. काही नवीन नाही यात. आपल्या आज्या हेच करायच्या, फक्त त्याला कार्यक्रम म्हणायच्या नाहीत.

तुंबा भरायला सीमेवरच्या रिवेऱ्याचा एक मुलगा असतो, मायकोल. चालताना जी मुलं मागे पडतात त्यांच्याबरोबर हाच. आम्ही भिंतीवर 'कसा आहेस?' असे कागद लावले, तर यानं प्रत्येकाखाली लिहिलं, 'तुझ्यापेक्षा देखणा.' याच्याबद्दल लिहिते कारण त्यानंच लिहायला लावलंय. तो आणि फाब्रिसियो एका खोलीत राहतात. म्हणाला, "बाई, मास्तरांना कळवा, त्यांच्या वासराला मी कान धरून गोठ्यात आणतो. फक्त आजीबाईंनी पेरूची वडी जरा सढळ हातानं पाठवावी."

तेव्हा निश्चिंत असा. माझ्याहून भरवशाचा माणूस तिथे बसवलेला आहे.

तुमची,
रोसाउरा

*

पासो आल्तो, ३० मे

प्रिय रोसाउरा,

यंदा जून लागायच्या आधीच हिवाळा उतरला. सकाळी कुंपणाच्या तारा पांढऱ्या दिसतात. अशा सकाळी मी तुम्हाला धुक्याची कविता म्हणायला लावायचो, आणि तुमच्या तोंडातून शब्दांबरोबर वाफ निघायची. चांगल्या अक्षरात लिहून सोबत पाठवतो आहे. तुमच्या भिंतीवर लाव.

*धुक्यामधूनी गाडी चाले, चाके बोलत जाती,*
*कोण उतरले वाटेवरती, कुणा न दिसले राती.*

एलोइसा म्हणते, "पोरं आधीच परीक्षेनं गारठलीत, त्यात हे धुकं कशाला?" तिला कवितेतलं काय कळतंय.

तुझ्या मायकोलशी ओळख झाली. दोन रविवार झाले, फोन तोच उचलतो. या खेपेला म्हणाला, "आजोबा, तुमचा नातू न्हाणीघरात आहे."

"मागच्या रविवारीही न्हाणीघरातच होता."

"काय करणार, पशुवैद्य ना! गाईचा वास जाता जात नाही."

एलोइसानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "ए रिवेऱ्याच्या, तुला मिलानेसा आवडतात की नाही?"

"आजी, मी तुमच्याशी लग्न करायला तयार आहे. आजोबांना विचारून ठेवा."

एप्रनमध्ये तोंड लपवून हसली गं ती. या स्वयंपाकघरात असं हसू कधी ऐकलं होतं ते मला आठवेना. तेव्हापासून खोकं दुप्पट जातं. शेवटी मी त्याला विचारलं, "आणि तू कसा आहेस रे, बाळा?" तर म्हणतो, "मी? मी आहे की, आजोबा!" आम्ही दोघंही हसलो.

अशा पोराच्या संगतीत आमचा फाब्रिसियो किती दिवस तोंड मिटून बसणार?

एवारिस्तो

*

मोंतेविदेओ, २१ जून

आदरणीय मास्तर,

हे फाब्रिसियोच्या परवानगीनं लिहिते. "आजोबांना सांगा, एलोइसा आजीला नको," असं त्यानं बजावलंय, तेव्हा हे पत्र एकट्यानं वाचा.

तो येतो. पहिल्या बुधवारी मायकोलनं खरंच कान धरून आणला. सगळे हसले, तोही थोडासा. तुंबा घेतला, प्यायला, परत दिला. शब्द नाही. दुसऱ्या बुधवारीही तसंच. गेल्या खेपेला मात्र तुंबा हातात धरून बसला आणि खाली बघत म्हणाला, "मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. किती महिने झाले." मायकोलनं तुंबा पुन्हा भरला आणि पुढच्याला न देता परत त्याच्याच हातात दिला. नियमाविरुद्ध होतं. मी चालू दिलं.

आता दर गुरुवारी तो आमच्या डॉक्टर बाईंकडे जातो. हे आजारपण आहे, मास्तर, आळस नाही, आणि कवितेनं बरं होण्यातलंही नाही. पण त्याला औषध आहे आणि माणसं आहेत. तो तोंड उघडून बोलला, म्हणजे अवघड चढ पार झाला असं मी समजते.

तुमची कविता भिंतीवर लावली होती. मायकोलनं ती बातम्यांच्या आवाजात वाचून सगळ्यांना हसवलं, आणि दुसऱ्या दिवशी काढून घेऊन गेला. म्हणाला, "खोलीत लावतो, बाई. इथे ऊन लागून पिवळी पडेल." एक बुधवार तो आला नाही, सर्दी झाली होती म्हणे. त्याच्यावाचून गोल अगदी आळणी झाला.

रोसाउरा

*

पासो आल्तो, १२ जुलै

प्रिय रोसाउरा,

रविवारी फोन कुणीच उचलला नाही. त्याचा बंद, मायकोलचाही बंद. मंगळवारी डबे आले नाहीत. थांब्यावर सगळे आपापले डबे घेऊन गेले आणि मी ड्रायव्हरला पुन्हा एकदा मागे बघायला लावलं. एलोइसाला सांगितलं, परीक्षा असेल.

परीक्षाच आहे ना?

एवारिस्तो

*

मोंतेविदेओ, १९ जुलै

मास्तर,

फाब्रिसियो सुखरूप आहे. हे आधी वाचा. फोनवर ओझरतं कळलं असेलच, तरी पुन्हा लिहिते: फाब्रिसियो सुखरूप आहे, माझ्या घरी आहे, शनिवारी मी स्वतः त्याला घेऊन येते.

मायकोल गेला. त्यानं स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं. कसं ते मी लिहिणार नाही, आणि तुम्ही फाब्रिसियोलाही विचारू नका.

डब्यांचं फाब्रिसियोनं काल सांगितलं. मार्चपासून तो जेमतेम चार घास खात होता. खोकं मायकोल बसस्थानकावरून आणायचा, उघडून याच्यासमोर मांडायचा, हातापाया पडून दोन घास खायला लावायचा, आणि उरलेलं स्वतः संपवायचा किंवा वरच्या मजल्यावरच्या मुलांना वाटायचा. मग डबे धुऊन बसवर टाकायचा. "म्हातारी माणसं डबे बघतात रे," म्हणायचा. "भरलेले गेले तर तिकडे कुणाच्या डोळ्याला डोळा लागणार नाही." तुम्हाला चार महिने शांत झोप त्या मुलानं दिली, मास्तर. चूक होती ती. पण अशी चूक करणारं पोर कुठून आणायचं?

आणि माझं. मी तेव्हापासून आठवायचा प्रयत्न करतेय, बुधवारी गोलात मायकोल काय बोलला? एकदाही काही नाही. बोलायचं ते तुंबा ज्याच्या हातात त्यानं, आणि तो तर तुंबा भरून पुढे देत होता. त्याचा स्वतःचा तुंबा, पहिला, सगळ्यात कडू, आम्ही जमायच्या आधीच त्यानं एकट्यानं पिऊन संपवलेला असायचा. मला त्यात सोय दिसली. हसरा मुलगा, हात चालतो, गोल चालतो. साऱ्या विद्यापीठाच्या भिंतींवर मी 'कसा आहेस?' लिहून ठेवलं, आणि दर बुधवारी जो माझ्या कोपराला कोपर लावून बसायचा त्याला विचारलं नाही.

त्याचा मामा रिवेऱ्याहून येऊन त्याला घेऊन गेला. आई आली नाही. मामा म्हणाला, ती अंथरुणातून उठतच नाही, कुणाशी बोलत नाही.

रोसाउरा

*

पासो आल्तो, १८ ऑगस्ट

प्रिय रोसाउरा,

तू फाब्रिसियोला सोडून गेलीस तेव्हा मी तुझ्याशी धड बोललोही नाही. बस सुटल्यावर सुचलं ते सगळं.

तो मेंढवाड्याच्या कुंपणापाशी बसून असतो. थंडी असो, वारा असो. ताट नेऊन दिलं तर थोडं उष्टावतो, बाकीचं कुत्र्याला जातं. एलोइसा आता त्याच्यादेखत डबे काढत नाही. फळीच्या मागे लपवून ठेवलेत. गुरुवारी मी त्याला ताकुआरेम्बोला डॉक्टरांकडे नेतो. जातो, बसतो, गोळ्या घेतो, परत येतो. बोलत नाही. घरी आल्यापासून मी त्याचा आवाज एकदाच ऐकला. मी मूर्खासारखा त्याच्याजवळ जाऊन, त्याला लहानपणी आवडायची ती पारव्यांची कविता म्हणायला लागलो. दोन ओळी झाल्या असतील. "नको ना, आजोबा," म्हणाला. मग, माझ्याकडे न बघता: "तो मला सांभाळत होता. आणि मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचो."

जन्मभर मी मुलांना प्रत्येक प्रसंगाची कविता शिकवली, रोसाउरा. शेतकऱ्याची, सैनिकाची, आईची, झेंड्याची. याला द्यायला माझ्यापाशी एक ओळ सापडली नाही.

मला त्याची भीती वाटते. एक ज्या वाटेनं गेला ती दुसऱ्याला दिसत राहते, असं डॉक्टर म्हणाले. त्याला डोळ्यांआड होऊ देऊ नका, म्हणाले. मी खिडकीशी टेबल ओढलंय. इथून कुंपण दिसतं.

तू मात्र बुधवार बंद करू नकोस.

एवारिस्तो

*

मोंतेविदेओ, २ सप्टेंबर

आदरणीय मास्तर,

बंदच केला होता. राजीनामाही लिहून ठेवला होता.

गेल्या बुधवारी खिडकीतून पाहिलं तर मुलं आपली आपणच ओम्बूखाली येऊन बसलेली. थर्मास मधोमध, आणि कुणी त्याला हात लावीना. भरायच्या जागी कुणी बसेना. शेवटी मी खाली गेले, तिथे बसले, पहिला तुंबा भरला. सवयीनं झटकन पिऊन टाकायला लागले, तर समोरची एक मुलगी, नेहमी नखं खात बसणारी, उठून माझ्या हातातला थर्मास काढून घेऊन म्हणाली, "बाई, तुंबा तुमच्या हातात आहे. आधी तुम्ही सांगा."

तुम्ही फळ्यापाशी उभं केल्यावर जशी रडायचे तशी रडले, एवढ्या सगळ्या मुलांसमोर. कुणी उपदेश केला नाही.

राजीनामा अजून खणात आहे. फाडलेला नाही. फाब्रिसियो कसा आहे?

रोसाउरा

*

पासो आल्तो, १५ सप्टेंबर

प्रिय रोसाउरा,

तुझं पत्र एलोइसाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती, हात थांबले. "तिला कळवा, रडली ते बरं केलं," म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

मेंढ्या व्यायला लागल्यात. परवा सकाळी एक अडली. मी फाब्रिसियोला हाक मारायच्या आत तो उठून गेलेला होता. बाही वर सारली, गुडघ्यावर बसला, हळूच वळवून कोकरू बाहेर काढलं. जिवंत. मी टाळी वाजवली, शाळेत वाजवायचो तशी. त्यानं कोकरू गवतानं पुसलं, आईच्या तोंडापाशी ठेवलं, हात धुतले आणि परत कुंपणापाशी जाऊन बसला. मी कवितांत वाढलेला माणूस. मला वाटतं, कोकरू जन्मलं की दुःखाचं कडवं संपावं. तसं झालं नाही. त्या दिवशी तर तो दोन घासही जेवला नाही. खरं सांगतो, मी हरत चाललोय. डोळ्यांपुढे ठेवणं म्हणजे जिवंत ठेवणं नव्हे, हे आता कळ

थांब. फाटकाबाहेरून कुणीतरी टाळ्या वाजवून हाक देतंय. एलोइसा ओरडतेय, "साबणवाला असेल, नको म्हणून सांगा!"

*

पुन्हा बसलोय. अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे.

साबणवाला नव्हता. एक बाई होती. ठेंगणी, अंगात पुरुषी कोट, हमरस्त्यापासून चालत आल्यानं बूट चिखलानं भरलेले. आपल्या सीमेवरच्या लोकांसारखं अर्धं पोर्तुगीज बोलणं. "मास्तर म्हणजे तुम्हीच ना? मी इरासेमा. मायकोलची आई."

मला कडीला हात लावायचंही सुचेना. एलोइसा पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. आणि त्या नावाबरोबर तिकडे कुंपणापाशी फाब्रिसियो उठला. मला वाटलं, हा आता माळावर पळत सुटणार. पळाला असता तर धरायला माझे पाय नाहीत, हाच विचार माझ्या मनात. पण तो आला. प्रत्येक पावलाला थांबत, तिच्याकडे न बघता, फाटकापर्यंत आला.

"फाब्रिसियो का रे तू?"

त्यानं मान हलवली.

"मी इतके दिवस कुठे जात नव्हते. आज सकाळी उठले, त्याच्या सामानातल्या खोक्यावरचा पत्ता घेतला आणि बसमध्येच बसले. काय काय विचारायचं ते वाटेत ठरवत होते. आता एक आठवत नाही बघ." ती फाटकाच्या फळीवरून हात फिरवत राहिली. याला दोष देते की काय, म्हणून मी फाब्रिसियोच्या जवळ सरकलो. मग म्हणाली, "झोपेत बडबडायचा का रे तो अजून? लहानपणी फार बडबडायचा."

फाब्रिसियोनं फळीचं दुसरं टोक धरलं. घसा खाकरला.

"हो," म्हणाला. "मॅच सांगायचा. रेडिओवर सांगतात तशी. दोन्ही बाजूंची."

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि जिंकायचं कोण?"

मी तिथून निघून आलो. हे तुला खिडकीशी बसून लिहितोय. फाब्रिसियो सांगतोय, रोसाउरा. हातवारे करून सांगतोय. दोघं अजून फाटकाच्या अलीकडे-पलीकडेच उभी आहेत, आणि कडी काढायचं कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.